जिताड्याची साखर

"पेशंटचं नाव?"

"जिताडा."

"हे आडनाव झालं. नाव सांगा."

"नाव नाही. बारा जण आहेत. एक ते बारा नंबर घाला."

पेणच्या बाजारपेठेतल्या त्या रक्त-लघवी तपासणीच्या लॅबमधला माणूस चष्म्यावरून माझ्याकडे बघत राहिला. मग त्याने बारा ओळी आखल्या.

"वय?"

"दोन वर्षं."

"बाराही जणांचं?"

"अंदाजे."

"रक्त उपाशीपोटी काढलंय की जेवल्यावर?"

"उपाशीपोटी. कालपासून काहीच दिलं नाही."

"दोन वर्षांच्या पोरांना?" त्याने पेन खाली ठेवलं.

तेव्हा मी त्याला सांगितलं की ते मासे आहेत. त्याचा चेहरा निवळला. "मग आधी सांगायचं ना," तो म्हणाला आणि पेन उचललं. फॉर्मवर डॉक्टरांचं नाव लागतं म्हणून त्याने विचारलं. मी डॉ. नाफडे असं सांगितलं. "एम.बी.बी.एस.?" मी म्हटलं, "मत्स्यशास्त्र." त्याने तेही लिहून घेतलं. रिपोर्ट संध्याकाळी मिळणार होता.

ही एकोणीसशे शहाऐंशी सालची, वैशाखातली गोष्ट. मी सत्तावीस वर्षांचा होतो आणि रत्नागिरीकडच्या एका मत्स्य संशोधन केंद्रात कनिष्ठ सहायक होतो. पेणला माझ्याकडे दोन कामं होती. एक नाफडेसरांनी दिलं होतं, दुसरं अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी. दोन्हींत जाऊन बघायचं आणि कळवायचं, एवढंच होतं.

नाफडेसरांचं काम हिराजी म्हात्रे यांच्या तळ्याचं. त्या भागात घरोघरी तळ्यात जिताडा पाळतात. चवीला त्याच्यासारखा मासा नाही, आणि सरकारी कचेरीत अडलेला कागद त्याने हलतो अशी ख्याती आहे. हिराजीशेठच्या तळ्याच्या वरच्या अंगाला दोन वर्षांपूर्वी एक कंपनी आली होती. तिचं वापरलेलं कोमट पाणी ओढ्यातून तळ्यात उतरत असे. मासे मरत नव्हते. त्यामुळे तक्रार कोणी घेत नव्हतं.

हिराजीशेठने पहिल्याच दिवशी एक जिताडा काढून माझ्यासमोर धरला. "बगा साहेब. दोन वरसाचा हाय. तीन किलोचा पायजे व्हता. किलो पन नाय."

"खात नाहीत का?"

"खातान की! कोलबी टाका, बारकी मासली टाका, समदा खातान. पन आंगाला लागत नाय." त्याने मासा परत पाण्यात सोडला. "आता ह्यो मी कंच्या साहेबाला देऊ? मानूस रागावंल. माजे सात-बाऱ्याचा काम दोन वरसं अडलंय ह्याच्यापायी."

मी म्हटलं, मी मासे घेत नाही. तो म्हणाला, "तुमाला देतो बोललोच नाय." मी वहीत वजन लिहिलं.

अण्णांचं काम कुंदाचं होतं. कुंदा माझी धाकटी बहीण. दोन वर्षांपूर्वी पेणच्या मोघ्यांकडे दिली होती. त्यांचा गणपतींचा कारखाना होता. माणसं चांगली, खाऊनपिऊन सुखी. दिवाळीला ती माहेरी आली तेव्हा आईने तिला ओळखायला जरा वेळ घेतला. अण्णांनी मला ओसरीवर बाजूला घेऊन सांगितलं, "तिकडे जातोच आहेस, तर उतर तिच्याकडेच. चार दिवस राहा, नीट बघ. बरी असेल तर कार्ड टाक. बरी नसेल तर घेऊन ये. पण उगाच आणू नकोस. एकदा आणलेल्या मुलीबद्दल लोक चार तऱ्हेने बोलतात."

म्हणून मी मोघ्यांकडे उतरलो होतो.

कुंदाच्या सासूबाईंना मी काकू म्हणत असे. त्या प्रेमळ होत्या. हे मी मुद्दाम सांगतो, कारण पुढे तसं वाटणार नाही. मोतीबिंदूने त्यांना जवळपास दिसेनासं झालं होतं आणि ऑपरेशनला त्या घाबरत. तेव्हापासून त्या माजघरातल्या झोपाळ्यावर बसून कानांनी घर चालवत. कुठे भांडं वाजलं, पाऊल वाजलं, कडी वाजली, की विचारायच्या, "कोण आहे तिकडे?"

"मी, आई. कुंदा."

"काय करत्येस?"

"ताटं घेतेय."

"कोणती?"

उत्तर द्यायला उठावं लागत असे, कारण बसल्या जागेवरून दिलेलं उत्तर काकूंना उद्धट वाटे. घरात दोन सुना होत्या. थोरली मंदावहिनी, आणि कुंदा. दोघी सकाळपासून मागच्या पडवीत गणपतींना पहिला रंग द्यायच्या आणि हाक आली की हातातला ब्रश ठेवून आत यायच्या. पहिल्या रात्री मी पाटावर बसून जेवत होतो, तेव्हा माझ्या सवयीने मोजलं. माशांचे कल्ले मिनिटाला किती वेळा उघडतात ते मोजणं हाच माझा धंदा होता, त्यामुळे मला काहीही मोजायची सवय होती. माझं जेवण होईपर्यंत काकूंनी सतरा वेळा विचारलं. नंतर कुंदा जेवायला बसली. तिने चांगल्या चार भाकऱ्या खाल्ल्या. त्यासाठी ती नऊ वेळा उठली.

"खायला काही कमी नाही हो आमच्याकडे," काकू म्हणाल्या. त्या खरं बोलत होत्या.

"कुंदा जरा वाळलीय," मी म्हटलं.

"वाळणारच. आमची मंदा बघा. तीही तशीच. ह्या घरचं पाणीच तसं आहे, सुना अंग धरत नाहीत. आणि काटक असलेलं बरंच की!"

मी मंदावहिनींकडे बघितलं. त्या खरोखरच तशाच होत्या. दोघींच्याही पोलक्याला दोन्ही बाजूंनी सेफ्टी पिना लावलेल्या होत्या. शरदराव, म्हणजे कुंदाचे यजमान, माझ्या शेजारी बसून आमटी-भात कालवत होते. सज्जन माणूस. घरात काही चाललंय हे त्यांच्या लक्षात येत नसे, एवढंच. बाहेरच्या खोलीत एका लग्नाचा मोठा फोटो होता. त्यात एक गोबरी मुलगी मुंडावळ्या बांधून तोंडभर हसत होती. ती घरची लेक असावी, असं मी धरून चाललो.

पहिल्या कामाची रीत साधी होती. मासा घाबरला की यकृतात साठवलेली साखर रक्तात सोडतो. पळायचं असतं ना, त्याला ताकद हवी. धोका टळला की साखर खाली येते. पण धोका टळतच नसेल, पाणी रोजच कोमट असेल, श्वासालाच जास्त कष्ट पडत असतील, तर साखर रोजच वर राहते आणि खाल्लेलं सगळं नुसतं जगण्यात खर्ची पडतं. वाढीला काही उरत नाही. हे दाखवायला हिराजीशेठच्या तळ्यातल्या सहा माशांचं रक्त हवं, आणि शेजारी ठेवायला चांगल्या पाण्यातल्या सहा माशांचं.

चांगलं पाणी डोंगरापलीकडे एका गावी होतं. सगळं रक्त एकाच ठिकाणी, एकाच तासात काढायचं, ही नाफडेसरांची शिस्त. म्हणून ते सहा मासे आणायला आमचे केंद्रातले तांडेलमामा टेम्पो घेऊन गेले. तांडेलमामांनी आयुष्यभर जिवंत मासे इकडून तिकडे नेले होते. पत्र्याच्या हंडीत मासे ठेवायचे आणि सबंध वाटभर हाताने पाणी हलवत, थापटत राहायचं, म्हणजे पाण्यात हवा मिसळते. त्यात त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं. दोन तासांनी ते उतरले तेव्हा त्यांचा उजवा हात खांद्यापर्यंत भिजलेला होता.

"एक पन मेला नाय साहेब," ते म्हणाले. "क्षणभर हात थांबवलेला नाय."

मी त्यांना शाबासकी दिली. लगेच रक्त काढलं आणि बारा बाटल्या घेऊन लॅबमध्ये गेलो.

संध्याकाळी रिपोर्ट मिळाला. हिराजीशेठच्या माशांची साखर सरासरी एकशे बेचाळीस. चांगल्या पाण्यातल्यांची एकशे अठ्ठेचाळीस. बाराही नंबरांपुढे जांभळा शिक्का होता: 'साखर जास्त आहे. गोड पदार्थ वर्ज्य. डॉक्टरांना दाखवावे.'

मी पोस्टातून नाफडेसरांना ट्रंककॉल लावला.

"फरक आहे?" त्यांनी विचारलं.

"नाही सर. जवळजवळ सारखेच."

"मग झालं तर. लिहा, तळ्यातले मासे इतरत्रच्या माशांसारखेच आहेत, चिंतेचं कारण नाही. वजन कमी ते त्यांच्या जातीवर असेल. परवापर्यंत या."

पोस्टातच मी एक कार्ड घेतलं आणि उभ्याउभ्या अण्णांना लिहिलं, 'कुंदा ठीक आहे. घरातल्या दुसऱ्या सुनेसारखीच आहे. काळजी नसावी.' तेवढ्यात पोस्टाची खिडकी बंद झाली. पेटी बाहेरच होती, पण मला पत्ता नीट लिहायचा होता. कार्ड खिशात राहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पडवीत बसून अहवाल लिहीत होतो. समोर चारशे पांढरे गणपती रांगेत होते आणि कुंदा त्यांच्या हातांना रंग देत होती. दहावीला तिला गणितात माझ्यापेक्षा चौदा मार्क जास्त होते. घरात ही गोष्ट माझ्यासमोर काढत नसत. ती रंग देतादेता माझी वही वाचत होती.

"दादा, हे दुसरे सहा कुठले?"

"चांगल्या तळ्यातले. डोंगरापलीकडचे."

"आणि त्यांची साखर जास्त?"

"थोडीशी. म्हणजे हिराजीशेठचं तळं ठीकच म्हणायचं."

तिने ब्रश बाटलीत बुडवला. "ते इथे आले कसे?"

"तांडेलमामांनी आणले. हंडीतून."

"किती वेळ?"

"दोन तास. सबंध वेळ पाणी हलवत आणले. एकही मेला नाही."

आतून आवाज आला, "कोण आहे तिकडे?"

"मी, आई. कुंदा." ती उठली, आत गेली, काय करतेय ते सांगून परत आली. बसताना तिने पदराने कपाळ पुसलं.

"दादा," ती म्हणाली, "दोन तास हंडीत हिंदकळत आलेले मासे चांगल्या पाण्यातले कसे?"

मी वहीतले आकडे पुन्हा बघितले.

"तू घाबरलेल्या माशांशेजारी घाबरलेले मासे ठेवलेस. मग सारखेच येणार. त्यावरून दोघेही बरे आहेत असं कसं लिहितोस?"

सात वर्षं मी हे शास्त्र शिकलो होतो, आणि ही माझ्यासमोर एका गणपतीचा अंगठा पिवळा करत बसली होती. लाज वाटली, ती तिच्यापेक्षा तांडेलमामांची जास्त वाटली, कारण मी त्यांना शाबासकी दिली होती.

मी अहवाल फाडला. त्याच दुपारी टेम्पो घेऊन डोंगरापलीकडे गेलो. तळ्यावर सावली न पाडता बसलो, जाळं हळू टाकलं आणि मासा पाण्याबाहेर आल्याबरोबर मिनिटाच्या आत काठावरच रक्त काढलं. असे सहा मासे, पण दोन माशांमध्ये अर्धा तास थांबून, म्हणजे तळ्यात उरलेले आधीच्याची धडपड विसरतील. तांडेलमामा झाडाखाली हात कोरडा ठेवून बसले होते आणि माझ्यावर रुसले होते. दिवस मावळता मावळता बर्फात ठेवलेल्या बाटल्या घेऊन लॅब गाठली.

"आता कोण पेशंट?" लॅबवाल्याने विचारलं.

"जिताडेच. दुसऱ्या घरचे."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने कागद दिला. अठ्ठावन्न, बासष्ट, साठ, पंचावन्न, चौसष्ट, एकसष्ट. "ह्यांना शिक्का मारला नाही," तो म्हणाला. "ठणठणीत आहेत."

म्हणजे हिराजीशेठचे मासे दुपटीहून वर होते. दोन वर्षं, रोज. मी आनंदाने मोघ्यांकडे परतलो. बाहेरच्या खोलीत कोणी नव्हतं, म्हणून पंख्याखाली खुर्चीवर बसलो, आणि समोर तो फोटो आला. मंदावहिनी पाण्याचा तांब्या घेऊन आल्या.

काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, "ही तुमची नणंद का? आता कुठे असते?"

मंदावहिनींनी फोटोकडे बघितलं नाही. "आम्हाला नणंद नाही," त्या म्हणाल्या. "तो माझा फोटो आहे."

मी तांब्या हातात धरून बसलो.

"नऊ वर्षं झाली," त्या हळूच म्हणाल्या. "पंचावन्न किलो होते मी. आता विचारू नका."

"कोण आहे तिकडे?" आतून हाक आली.

"मी, आई. मंदा. दादांना पाणी देतेय." आणि त्या आत गेल्या.

खिशातलं कार्ड दोन दिवसांत चुरगळलं होतं. 'घरातल्या दुसऱ्या सुनेसारखीच आहे.' मी ते वाचलं आणि माझाच मला असा राग आला की कार्डाचे किती तुकडे केले ते मोजायचं राहून गेलं.

जेवताना मी काकूंना रीतसर विचारलं. "कुंदाला चार दिवस माहेरी नेऊ का?"

"न्या की!" काकू म्हणाल्या. "तिचं माहेर आहे, आम्ही नाही म्हणणारे कोण? गणपती झाले की न्या."

गणपतींना चार महिने होते. मी शरदरावांकडे बघितलं. त्यांनी घास गिळला. "आई म्हणते ते बरोबर आहे," ते म्हणाले. "दादांचंही बरोबर आहे."

जेवणानंतर मी पडवीत गेलो. कुंदा रंग कालवत होती.

"रिपोर्ट आला," मी म्हटलं. "साठ."

"माझ्या अंदाजाने सत्तर होती." ती रंग कालवतच राहिली. "मग आता?"

"तुला यायचंय का?"

"पिशवी मी कालच भरली. मंदावहिनींच्या कपाटात आहे. तुझ्या दुसऱ्या रिपोर्टची वाट बघत होते."

"आधी का नाही बोललीस?"

"तू चार दिवस बघायला आला होतास ना? म्हटलं बघू, तुला दिसतंय का."

पुढच्या गोष्टी थोडक्यात सांगतो. नाफडेसरांनी नवा अहवाल दोनदा परत पाठवला आणि तिसऱ्यांदा सही केली. कंपनीला पाणी निववायचा हौद बांधायला तीन वर्षं लागली. त्यानंतरच्या वर्षी केंद्रात माझ्या नावाने एस.टी.तून बर्फात घातलेला चार किलोचा जिताडा आला, सोबत चिठ्ठी: 'साहेबाला देन्यालायक.' मी मासे घेत नाही. तांडेलमामांनी घेतला. शरदराव सात महिन्यांनी रत्नागिरीला कुंदाला न्यायला आले आणि तिने नाही म्हटल्यावर तिथेच राहिले. पोस्टाजवळ त्यांचं रंगांचं दुकान आहे. कुंदा शाळेत गणित शिकवून गेल्या वर्षी निवृत्त झाली. तिचं वजन मी विचारत नाही. कमी करायला हवं, असं तीच म्हणत असते.

मंदावहिनींना न्यायला कोणी गेलं नाही. त्यांना भाऊ नव्हता. हे मला नंतर कळलं. पिशवी कोणाच्या कपाटात होती हे ऐकूनही 'तुमचं काय' एवढं त्यांना विचारायचं मला सुचलं नाही, याची मला तेव्हा लाज वाटली नाही. आता वाटते.

त्या दुपारी टेम्पो गल्लीच्या तोंडाशी उभा होता. काकू जेवून झोपाळ्यावर पहुडल्या होत्या. शरदराव कारखान्याच्या पुढच्या भागात गणपती मोजत होते, आणि आम्ही समोरून गेलो तेव्हा पहिल्यापासून मोजायला लागले. मंदावहिनींनी कपाटातून पिशवी काढून कुंदाच्या हातात दिली, तिच्या पोलक्याच्या पिना चाचपून बघितल्या, आणि एक सुटली होती ती लावली. मग त्यांनीच दाराची कडी काढली. जुनी कडी होती, वाजलीच.

"कोण आहे तिकडे?" काकूंनी विचारलं.

कुंदा सवयीने थांबली. तिचं तोंड उघडलंही होतं. मंदावहिनींनी तिच्या पाठीवर हात ठेवून तिला उंबऱ्याबाहेर ढकललं, आणि नऊ वर्षांत पहिल्यांदाच, जागच्या न हलता, उत्तर दिलं.

"कोणी नाही, आई."